कोनाड्यातली वाटी

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहिल्या की सगळ्या रस्त्याला गोठ्याचा वास येतो. शेणाचा, ओल्या कातडीचा, कोमट दुधाचा. परवा सईला घेऊन मी तिथं गेले होते. सई माझी मुलगी, पंधरा वर्षांची. गवळ्यानं आमच्यासमोर धार काढली आणि फेसानं भरलेला ग्लास तिच्या हातात दिला. तिनं दोन घोट घेतले, नाक मुरडलं आणि ग्लास माझ्याकडं केला.

"नको मला. वास येतोय."

"म्हशीचं दूध हाय, म्हशीचाच वास येणार की पोरी. अत्तराचा यील व्हय?" गवळी म्हणाला तशी बाजूची माणसं हसली. "वैनी, तुम्ही प्या. फेस बसायच्या आत प्या."

मी ग्लास तोंडापर्यंत नेला. तेवढ्यात त्या म्हशीपुढं कुणीतरी बादली आणून आदळली. भिजलेली सरकी पेंड, शिजवलेली बाजरी, वर फोडून टाकलेला गूळ. आंबोण. त्याची वाफ तोंडावर आली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दुधामुळं नव्हे, त्या बादलीमुळं. भर रस्त्यात, चारचौघांत, पोराबाळांच्या आईला म्हशीची बादली बघून पाणी सुटावं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्लास तसाच ठेवला, पैसे दिले आणि सईचा हात धरून निघाले.

"आई, काय झालं? तूपण नाही प्यायलीस?" सईनं विचारलं.

"मलाही वास आला," मी म्हणाले.

सईला कट्ट्यावर न्यायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात ती शाळेत प्रार्थनेला उभी असताना खाली कोसळली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं दाबून बघितली, रक्त तपासायला पाठवलं. रक्त फार कमी निघालं. गोळ्या दिल्या, आणि चष्मा काढून मला म्हणाल्या, "गोळ्या देईन हो मी, पण जेवण कोण देणार? हाडं भरायची, अंग धरायचं हेच वय. ही वर्षं एकदा गेली की परत मागायची सोय नाही." घरी येऊन बघते तर सईच्या दप्तराच्या तळाशी कागदात गुंडाळलेल्या पोळ्या, शेंगदाण्याचे लाडू, बुरशी आलेलं थालीपीठ. रोज डबा रिकामा यायचा आणि मी खूश व्हायचे. "जेवलीस का?" विचारलं की म्हणायची, "जेवलो की!" आमच्या कोल्हापुरात पोरीही आलो, गेलो, जेवलो असंच म्हणतात. मला तिच्या त्या ठसक्याचं कौतुक होतं. फ्रिज भरलेला आणि पोरगी रिकामी, आणि मला पत्ता नाही.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, वर्गात कुणीतरी तिला म्हैस म्हणालं होतं.

मला हसावं की रडावं कळेना. आमच्या घरात कुणी मला म्हैस म्हणालं असतं तर मी त्याचं तोंड गोड केलं असतं. आमच्या म्हशीचं खाणं काय होतं, मला विचारा.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी जाता जाता मलाही विचारलं होतं, "तुमची उंची बरीच कमी आहे. लहानपणी तुमचं खाणंपिणं कसं होतं?"

"चांगलं होतं की. घरात दुभती म्हैस होती," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. म्हैस होती.

तिचं नाव काजळी. माझ्या माहेरी, कोडोलीत, आमच्या घराला लागूनच तिचा गोठा होता आणि मधल्या भिंतीला गोठ्याच्या बाजूनं एक कोनाडा होता, त्यात घासलेटची चिमणी ठेवायची. चिमणीच्या धुरानं कोनाड्याची कड काळी झालेली. पहाटे डोळे उघडायच्या आधी कानावर चरवीतल्या धारेचा आवाज यायचा. आधी रिकाम्या भांड्यावर चर्र चर्र, मग भांडं भरत आलं की जाड, घुमल्यासारखा. अजूनही कुठं नळाखाली बादली भरायला लागली की मला आपलं अंथरुणात असल्यासारखं वाटतं, गोधडीचा वास येतो.

दादा कोल्हापुरात तालमीत होता. माझा थोरला भाऊ. आबा, म्हणजे आमचे वडील, रोज पहाटे दुधाची किटली घेऊन स्टँडवर जायचे. पहिल्या एस्टीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचे आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे. महिन्याला तुपाचा डबा जायचा, बदाम जायचे. राहिलेलं दूध डेअरीला. आमच्या घरात खुराक दोघांना होता, दादाला आणि काजळीला. बाकीच्यांना जेवण होतं. हा फरक मला कुणी कधी समजावून सांगितला नाही. शेजारीपाजारीही असंच होतं. दादा यात्रेला घरी यायचा तेव्हा दारात माणसं जमायची. कुणी त्याचा दंड दाबून बघायचं, कुणी पाठीवर थाप मारायचं. दारासारखी रुंद पाठ. मीही मैत्रिणींना ओढून आणून दाखवायची. मला त्याचा फार अभिमान होता, आणि खरं सांगते, आजही आहे.

आमचा चहा किटली विसळलेल्या पाण्याचा. आई किटलीत पाणी घालून ते गरागरा फिरवायची आणि त्या पांढुरक्या पाण्यात गूळ आणि चहाची पूड टाकायची. त्या चहाबरोबर शिळी भाकरी, दुपारी खरडा-भाकरी, रात्री पातळ आमटी. पोट भरायचं. तेवढ्यापुरतं भरायचं. तूप कढवायच्या दिवशी मात्र माझी चैन असायची. कढत्या तुपात विड्याचं पान टाकलं की चुरचुर आवाज व्हायचा, सगळं घर त्या वासानं भरायचं आणि तूप गाळून घेतलं की तळाची बेरी माझी. तपकिरी, चरचरीत, जरा करपलेली. त्यात साखर कालवून मी पायरीवर बसून नखानं नखानं खायची, लवकर संपू नये म्हणून.

आई काय खायची ते मात्र मला सांगता यायचं नाही. तिला मी कधी ताटावर बसलेली बघितली नाही. सगळ्यांचं झालं की चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून उभ्यानंच काहीतरी तोंडात टाकायची, तेही पदराआड. मला वाटायचं, आया अशाच असतात.

तेरावं सरलं आणि मला एक वेगळीच भूक लागायला लागली. ती पोटात नव्हती. मांड्यांत होती, दंडांत होती, पाठीच्या कण्यात होती. जेवून उठलं तरी असायची. शाळेत फळ्याकडं बघता बघता डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. प्रार्थनेची रांग उंचीनं लागायची आणि मी कायम पहिली. थंडीत गुऱ्हाळं लागली की गावावरून उकळत्या रसाचा वास फिरायचा आणि मला वर्गात बसवायचं नाही. गुऱ्हाळावरून काकवी आणायला मला तांब्या देऊन पाठवायचे. तांब्या घरी पोचेपर्यंत निम्मा व्हायचा. "ठेच लागली, सांडली," मी म्हणायची. आबा म्हणायचे, "ही पोरगी वाटंवरचा एक दगूड सोडत न्हाई."

पाहुणे यायचे ते बघून म्हणायचे, "पोरगी अंगानं भरंना." त्यावर घरातलं कुणीतरी म्हणायचं, "बरंय की. उफाड्याची झाली तर उद्याच उजवायची पाळी यील." सगळे हसायचे. मीही हसायची. पोरीनं वाढावं, अशी त्या घरात कुणाची घाईच नव्हती.

त्या वर्षी काजळी व्यायली. व्यायलेल्या म्हशीला बाळंतिणीसारखं जपायचं, ही आमच्याकडची रीत. मागच्या दारी तीन दगडांच्या चुलीवर आई मोठ्या पातेल्यात बाजरी शिजवायची. रटरट आवाज यायचा. त्यात गुळाचा खडा, मूठभर मेथ्या, तेलाची धार. मग ते भिजवलेल्या पेंडीत कालवायचं आणि बादली गोठ्यात पोचवायची. पोचवायचं काम माझं.

पहिल्यांदा फक्त गुळाचा न विरघळलेला खडा उचलला. दुसऱ्या दिवशी गुळाला चिकटलेली बाजरी. मग एके दिवशी गोठ्यात चिमणीच्या उजेडात मी बादलीत मनगटापर्यंत हात घातला आणि मूठ भरून खाल्लं. गरम होतं, कडवट होतं, सरकीची टरफलं दातांत अडकत होती. आणि ते उतरताना अंगात कुठंकुठं जात होतं ते मला कळत होतं. काजळी माझ्याकडं बघत उभी होती. ती हंबरली नाही, शिंग हलवलं नाही. एवढा शहाणा प्राणी मी पुन्हा बघितला नाही.

मग रोजचंच झालं. आंबोण पोचवायला मी एवढी तत्पर झाले की आबा आईला म्हणाले, "पोरगी कामाची झाली गं आता." त्या शाबासकीनं माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी दुसऱ्या दिवशी बादली उचललीच.

आणि नेमकं काजळीचं दूध कमी आलं. आता कळतं, माझ्या दोन मुठींनी म्हशीचं दूध कसं कमी होईल? हवा बदलली असेल, रेडकू जास्त प्यायलं असेल. पण तेव्हा मला घाम फुटला. खाई त्याला खवखवे. आबा चरवी खाली ठेवत म्हणाले, "कुणाची तरी नजर लागली म्हशीला. काढून टाका." तिन्हीसांजेला आईनं मीठ-मिरच्या घेऊन काजळीवरून उतरवल्या. चिमणी धरायला मला उभं केलं. आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची असं पुटपुटत आईनं मिरच्या चुलीत टाकल्या. मी देवाची करुणा भाकत होते, ठसका येऊ दे, सगळ्यांना खोकला येऊ दे, म्हणजे नजर नव्हती असं ठरेल. मिरच्या जळून गेल्या. कुणाला ठसका आला नाही.

"बघा! किती कडक नजर हुती," आबा म्हणाले.

मी चिमणी खाली घेतली, माझं तोंड अंधारात जावं म्हणून. आईनं वर बघितलं. माझ्याकडं, मग बादलीकडं. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी बादलीत हात घातला आणि पाठीमागं पाऊल वाजलं. आई. माझं तोंड भरलेलं, हनुवटीवर गूळ ओघळलेला. गिळताही येईना, थुंकताही येईना. मला वाटलं, आता झिंज्या धरून आबांपुढं नेणार. आई जवळ आली, पदरानं माझं तोंड पुसलं, जोरात, लहान पोराचं पुसतात तसं. मग बादली उचलून तिनं काजळीपुढं ठेवली आणि निघून गेली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कोनाड्यात चिमणीच्या शेजारी एक वाटी होती. वर ताटली झाकलेली. उघडून बघितलं, तर पेंड कालवायच्या आधी काढून ठेवलेली बाजरी, गूळ, आणि वर चमचाभर तूप. दादाच्या डब्यातलं तूप. माझ्यासाठी.

आणि मी ती खाल्ली नाही.

का, म्हणून मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. खाल्ली असती तर बादलीत हात घालणारी ती मीच, असं कबूल झालं असतं. न खाल्लं की काही घडलंच नाही. चौदाव्या वर्षी माणूस भुकेपेक्षा लाजेनं जास्त मरतं. मी बादली ठेवायची, वाटीकडं पाठ करायची आणि बाहेर पडायची. पुन्हा गेलं की वाटी घासून पालथी घातलेली असायची. आईनं म्हशीच्या बादलीत ओतली असणार, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरलेली. आई रोज ठेवत राहिली, मी रोज पाठ करत राहिले. आम्ही दोघी त्याबद्दल बोललो नाही. पुढं काजळी आटली, बाजरी शिजायची थांबली आणि वाटीही थांबली.

माझी उंची तिथंच थांबली. पाळी सगळ्या मैत्रिणींच्या मागून आली. बघायला आलेले पाहुणे म्हणायचे, "नाकी डोळी नीटस हाय, उंचीला तेवढी कमी." दादाला पुढं नोकरी लागली, कुस्ती सुटली, आता तो गुडघे धरून जिना चढतो. काजळी गेली, गोठा गेला, तिथं आता मोटारसायकली लावतात. आबाही गेले. तेव्हापासून आई माझ्याकडं कोल्हापुरात असते. आमच्या फ्लॅटमध्येही ती सगळ्यांच्या मागून, ओट्यापाशी, भिंतीकडं तोंड करून जेवते. सांगून सांगून माझी जीभ झिजली.

सई कोसळल्यापासून आईनं स्वयंपाकघराच्या खिडकीत एक वाटी ठेवायला सुरुवात केली होती. वर ताटली झाकलेली. सईला काही म्हणायची नाही, मला काही म्हणायची नाही. सई त्या वाटीकडं पाठ करून पाणी पिऊन जायची. आणि मी ती वाटी बघून न बघितल्यासारखं करत होते. ताटली उचलायचा मला धीर नव्हता. खाली काय असणार ते मला माहीत होतं.

परवा कट्ट्यावरून आम्ही घरी आलो तेव्हा आई खाली बसून मेथी निवडत होती. वाटी खिडकीत होतीच. सई नेहमीसारखी पाण्याचा ग्लास भरून आत निघाली. तिची मानेची हाडं मागून दिसत होती आणि मला एकदम प्रार्थनेच्या रांगेतली मीच पाठमोरी जाताना दिसले. मी खिडकीतली वाटी उचलली. ताटली काढली. बाजरी, गूळ, तूप. आईसमोर फरशीवर बसले आणि बोटांनी खायला लागले.

आईचा मेथीवरचा हात थांबला.

"लई उशीर केलास गं," ती म्हणाली.

म्हणजे तिच्याही ध्यानात होतं. एवढी वर्षं! मी मनगटानं डोळे पुसले. सई दारातून परत फिरली होती, दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. "काय झालं? आई, तू रडतीयस का?"

मग मी तिला सांगितलं. बादलीपासून सगळं. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते पोटच्या पोरीला सांगितलं, वर न बघता.

"म्हशीच्या बादलीतलं? ई!" ती म्हणाली. मग खाली बसली. "तुला एवढी भूक लागायची?"

"लागायची."

"मग आजी वाटी ठेवायची तर खाल्ली का नाहीस?"

"लाज वाटायची."

"कसली?"

मी वाटीतला गूळ बोटानं गोळा करायला लागले. सईनं तिसराच प्रश्न काढला, "मग ती वाटी रोज जायची कुठं?"

"म्हशीच्या बादलीत, आणि कुठं," मी म्हणाले.

"म्हशीला कशाला घालू?" आई म्हणाली. ती आमच्याकडं बघत नव्हती. हातातली मेथीची काडी मोडत होती. "मी खायची."

सईनं हातातला पाण्याचा ग्लास फरशीवर ठेवला.

"पहिल्या दिशी तुझी वाट बघितली. दुसऱ्या दिशीबी बघितली. तू काय शिवंनास. मलाबी भूक हुतीच की गं. दिसभर रानात भांगलून आल्याली, सकाळपासनं चहावर. गोठ्यातच उभ्यानं खाल्ली. मग रोजच खायाला लागली. आन् मग..."

"मग काय, आजी?"

"मग तुझी आई बादली घेऊन निघाली की माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. आज खाती काय की पोरगी. खाऊ नये असं वाटायचं." तिनं पदर तोंडाला लावला. "पोटच्या पोरीनं खाऊ नये असं वाटायचं बघ मला."

एवढी वर्षं मी स्वतःच्या भुकेची लाज सांभाळत बसले, आणि त्याच गोठ्यात, त्याच कोनाड्यापुढं, माझ्यामागून कुणी उपाशी उभं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. तिच्या दंडाला मी हात लावला. लहान मुलीचा असावा तेवढाच दंड. तिची उंची माझ्याहून कमी, माझी सईहून कमी. हे मी रोज बघत होते की.

सईनं माझ्या हातातली वाटी घेतली. तळाशी थोडं उरलं होतं. तिनं वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि एक बोट चाटलं. मग दुसरं. "गूळ जास्त झालाय," ती म्हणाली. "अजून हाय का?"

"हाय की. पातेलंभर हाय," आई गुडघ्यावर हात ठेवून उठली.

तिनं सईला वाढलं, मला वाढलं. सई म्हणाली, "आजी, तूपण घे." आईनं घेतलं, जरासंच, आणि सवयीनं ओट्याकडं वळून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"आई, खाली बस. आमच्यात बस," मी म्हणाले.

तिनं आधी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग येऊन बसली आमच्यात. पण वाटीवर पदर ओढून घेतला, आणि आम्ही दोघी दुसरीकडं बघायला लागलो तेव्हाच तिनं पहिला घास तोंडात घातला.